कंदील विझला असता

आमच्या औरंगाबादेतल्या गारखेड्याच्या घरात चाळीस वर्षं बॅटरी नव्हती. लाइट गेली की मेणबत्ती लावायची, नाहीतर रॉकेलची चिमणी. पुढं रॉकेल मिळेना झालं तेव्हा गोडेतेलाची पणती. नवरा सुरुवातीला फार चिडायचा. "अगं, अख्ख्या कॉलनीत घरटी दोन दोन बॅटऱ्या आहेत, आपणच काय रानात राहतो का?" म्हणायचा. एकदा तो घेऊनही आला, लाल प्लास्टिकची, दोन सेलची. मी ती त्याच संध्याकाळी भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकली. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, अन् मीही बोलले नाही. माझा स्वभाव आहेच तसा. माहेरी म्हणायचे, ही पोरगी जन्मली तीच नाकावर राग घेऊन. लोकांना वाटायचं, मास्तरीणबाई आहेत, असेल एखादं खूळ. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

पण बॅटरीपासून माणूस पळून पळून पळणार कुठं? एसटीच्या कंडक्टरकडं बॅटरी. सिनेमाला उशिरा गेलं की खुर्ची दाखवणाऱ्याकडं बॅटरी. पोराचा घसा दुखला, डॉक्टरनं 'आ कर' म्हणून बॅटरीच काढली. वेरूळला लेणी बघायला पोरांना नेलं, तर तिथला माणूस छतावर उजेड टाकून जुने रंग दाखवायला लागला. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. पोरं म्हणाली, आईला चक्कर आली. अन् आता तर काय, मोबाइलमध्येच बॅटरी! माणसागणिक एक, खिशात घेऊन फिरतात. मागच्या वर्षी संध्याकाळी लाइट गेली अन् नातसुनेनं फोनचा उजेड माझ्या तोंडावर धरला. "आजी, जपून, पायरी आहे," एवढंच बिचारी म्हणाली. मी अशी ओरडले की शेजारची दारं उघडली. पोरगी रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून मी सगळं सांगितलं. तेच इथं लिहिते आहे. आता लिहायला हरकत नाही, कारण जिला विचारून लिहायला हवं होतं ती माझी वहिनी आता राहिली नाही.

आमचं गाव गंगापूरच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस अॅक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होते. पाच वर्षांची असताना आई गेली. घरात आजोबा, आबा म्हणजे माझे वडील, भाऊ अन् मी. भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याचं लग्न झालं अन् घरात पुन्हा बाईमाणूस आलं. वहिनी तेव्हा सतरा-अठराची असेल, मी दहाची. पहिले आठ दिवस ती मला "वन्सं, तुम्ही जेवता का?" असं विचारायची. मी फ्रॉकात, नाक वाहतंय, गुडघ्यावर खपली. भाऊ हसून हसून लोळायचा. "ह्या शेंबडीला काय तुम्ही-आम्ही करती गं!" म्हणायचा. मग ती 'तू'वर आली. माझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या. वेणी घालायला, भाकरी थापायला, अंगण सारवायला तिनंच शिकवलं. आईच झाली म्हणा ना. उशीत तोंड खुपसून मी तिला एकदोनदा आई म्हणूनही बघितलं होतं. तिला ऐकू गेलं नसावं.

वहिनी अंधाराला फार भ्यायची. तिचं माहेर वेरूळचं, रस्त्याकडेचं घर, दिवसभर माणसांचा राबता. आमचं घर गावाच्या पार कडेला. अंधार पडल्यावर परसाकडं जायचं तर ती माझं मनगट धरायची, अन् मलाच भीती वाटायला लागायची. भाऊ कोर्टाच्या तारखेला औरंगाबादला गेला होता, तो येताना शहागंजातून बॅटरी घेऊन आला. तीन सेलची, लांबलचक, पितळेवर चकचकीत मुलामा, अंगावर बारीक रेघा, पुढं वाटीएवढं तोंड. खटका सरकवला की खट् व्हायचं अन् समोरच्या बाभळीच्या शेंड्यावर उजेड पडायचा. आता बायकोसाठी आणली तर बायकोला द्यावी की नाही? पण आजोबा ओट्यावर बसलेले. त्यांच्यादेखत बायकोच्या हातात वस्तू द्यायची म्हणजे केवढा निर्लज्जपणा! म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली. "जा, दे तुझ्या वैनीला. म्हणावं, आता अंधारच तुला भिईल." मी पळत आत गेले. वहिनी चुलीपुढं होती. तिनं हात पदराला पुसले अन् बॅटरी दोन्ही हातांनी घेतली, देवळात प्रसाद घेतात तशी.

तिनं ती फार जपली. काम झालं की सेल काढून फडक्यात बांधून ठेवायची. उजेड मंद झाला की सेल घराच्या धाब्यावर उन्हात मांडायची, मग दोन-चार दिवस पुन्हा चालायचे. ऊन उतरलं की ते गोळा करायचं काम माझं.

माझं दुसरं काम होतं कंदिलाची काच पुसायचं. राख घ्यायची, चिंधी घ्यायची, काचेत हात घालून गोल फिरवायचं. माझा हात लहान, म्हणून ते माझ्याकडं. त्या वर्षात मी दोन काचा फोडल्या होत्या. नवी आणायची तर गंगापूरच्या बाजाराची वाट बघावी लागायची. आबा म्हणाले होते, "तिसरी फोडलीस तर हात मोडून गळ्यात बांधीन." आबांचा हात जड होता. दुसरी फोडली तेव्हा बसलेली चापट मला सकाळपर्यंत कानात ऐकू येत होती.

आता पेवाचं सांगायला हवं, कारण आताच्या पोरांना 'पेव फुटलं' एवढंच माहीत. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, अन् आत रांजणासारखं पोट, दोन पुरुष खोल. भिंती सारवून, कडबा लावून त्यात ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. आमचं पेव आजोबांच्या बापानं खणलेलं. रझाकारांच्या धुमाकुळात आजोबांनी त्याच्यावर कडब्याची गंजी रचून ते लपवलं होतं अन् त्यावर अर्धं गाव जगलं होतं. ते पेव उघडायचं म्हणजे आजोबांचं एक शास्त्र असायचं. आदल्या दिवशी फरशी काढायची. "त्याला श्वास घेऊ द्या," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर आत वाफ आहे, पुन्हा थांबायचं. आत कोंडलेल्या खराब हवेला ते वाफ म्हणायचे. मला ती गंमत वाटायची. कंदील सोडायची दोरी आजोबा माझ्या हातात द्यायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आजोबा गेले. अन् वैशाखात पेव उघडायची वेळ आली. संक्रांतीच्या आधी अर्धी ज्वारी काढून तोंड लिंपून टाकलं होतं, आता उरलेली काढायची होती.

त्या दिवशी सकाळी मी काच फोडली. हातातून सटकली अन् दगडावर पडली, बस्स. आबा वाड्यात बैलांपाशी होते, त्यांनी ऐकलं नाही. मी तुकडे फ्रॉकात गोळा केले, उकिरड्यावर जाऊन राखेखाली पुरले, अन् बिनकाचेचा कंदील माजघरात मांडणीच्या मागं लपवला. वाटलं, संध्याकाळपर्यंत काहीतरी होईल. लहान पोराला नेहमी वाटतं, संध्याकाळपर्यंत काहीतरी होईल.

फरशी सकाळीच काढली होती. आबांचा विचार होता, दिवसभर अन् रातभर उघडं ठेवावं. पण दुपारी पश्चिमेकडं आभाळ काळं झालं. वळवाचा पाऊस उघड्या पेवात शिरला तर सगळी ज्वारी सडणार. आबा घाई करायला लागले. "चला, आजच काढू. पोरी, कंदील आण."

मी आत गेले अन् मांडणीपुढं उभी राहिले. बाहेरून आबांची पुन्हा हाक आली. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात बॅटरी होती.

"ही ने," ती म्हणाली. "कंदिलापेक्षा हिचा उजेड लांब जातो. आबांना सांग, रॉकेल संपलंय."

मला देवच पावला! मी विचारलंही नाही, रॉकेल खरंच संपलंय का. मी बॅटरी घेऊन पळाले अन् आबांना म्हणाले, "वैनी म्हणती, रॉकेल संपलंय. ही घ्या म्हणती."

आता तुम्ही म्हणाल, तिथं उभ्या असलेल्या एकालाही कळलं नाही का? आबा होते, भाऊ होता, दोन गडी होते. सगळे शहाणे, शेतात मुरलेले. पण एकालाही सुचलं नाही, हे खरं आहे. दिवा सोडायचा हे सगळ्यांना पाठ होतं. कशासाठी सोडायचा हे आजोबांना माहीत होतं, अन् आजोबा नव्हते. मी बॅटरीच्या मागच्या कडीला दोरी बांधली, खटका सरकवला अन् हळूहळू आत सोडली. काय उजेड पडला म्हणून सांगू! कंदिलानं कधी तळ दिसला नव्हता, बॅटरीनं ज्वारीचा दाणा न् दाणा दिसला. गडी म्हणाला, "अबब, दिवस उगवला की आत!" आबासुद्धा वाकून बघून हसले. आजोबा गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते.

भाऊ उतरला. भिंतीत पाय ठेवायला खोबण्या होत्या, एका हातानं पाटीची दोरी धरून तो उतरला. वरून मी वाकून बघत होते. त्यानं पाटी ओढली, वाकला, दोन ओंजळी भरल्या. मग तो ज्वारीवर बसला, दमल्यावर बसतात तसा. मग कलला.

मी हसले. आईशप्पथ, हसले. भाऊला सोंगं करायची सवय होती. विहिरीत बुडाल्याचं सोंग करून त्यानं मला किती वेळा रडवलं होतं. मी वरून म्हणाले, "ऊठ की रे, मला कळतंय!" तो उठला नाही. त्याचा चेहरा उजेडात स्वच्छ दिसत होता, डोळे अर्धे उघडे.

मग आबांनी बघितलं.

एक गडी निम्म्यावर उतरला अन् खोकत, डोळे पांढरे करत वर आला. "वाफ हाय! मालक, वाफ हाय!" आबा आत उडी घ्यायला निघाले, त्यांना दुसऱ्यानं कमरेला मिठी मारून धरलं. आरडाओरडा ऐकून शेजारचे आले. कुणीतरी घरून पेटता कंदील आणला अन् दोरीनं आत सोडला. तो पुरुषभर खाली गेला अन् विझला. पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. त्याच्या खाली भावाच्या सदऱ्यावर बॅटरीचा उजेड पडलेला होता, जराही हलत नव्हता.

तेव्हा सगळ्यांना कळलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

घोंगड्यांनी वारा घातला, पाणी ओतलं, लिंबाच्या फांद्या बांधून खालीवर केल्या. कंदील तळापर्यंत जळत जायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. मग भावाला काढलं. ओट्यावर ठेवलं. बॅटरी दोरीसकट वर आली ती त्याच्या शेजारीच पडली होती, भर दिवसा जळत. ती बंद करायचं कुणाला सुचेना. शेवटी वहिनी बाहेर आली. तिच्या डोक्यावर पदर नव्हता, सासऱ्यापुढं ती पहिल्यांदाच तशी आली. ती भावाकडं गेली नाही, आधी बॅटरीकडं गेली. वाकून तिनं खटका मागं ओढला. खट्. मग ती खाली बसली अन् तिनं जो टाहो फोडला तो मला अजून ऐकू येतो.

पाऊस त्या दिवशी आलाच नाही.

गाव बोलायचं ते बोललं. बायकोच्या बॅटरीनं नवरा खाल्ला. पांढऱ्या पायाची. शहरी नखरे पाहिजेत कशाला! पाणवठ्यावर बायका बोलायच्या अन् मी घागर घेऊन उभी असायचे. एक शब्द बोलायचा होता मला. 'काच मी फोडली.' एवढाच. तो बोलले असते तर बायका माझ्याकडं वळल्या असत्या, तिला सोडलं असतं. मी बोलले नाही.

दहाव्या दिवशी मी आबांना रॉकेलच्या डब्यापाशी बघितलं. त्यांनी डबा उचलला, हलवला. आत डचमळलं. डबा अर्ध्याच्या वर भरलेला होता. आबांनी तो हळूच खाली ठेवला अन् स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. त्यांना कळलं, रॉकेल होतं. निरोप कुणाचा होता तेही त्यांना माहीत होतं, मीच तर सांगितला होता. त्यांना वाटलं, सुनेनं बॅटरी मिरवायला थाप मारली. ते तिला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी तिला 'सूनबाई' म्हणून हाक मारली नाही. काही लागलं तर मला सांगायचे, "आत सांग." एकाच घरात चौदा वर्षं. आबा गेले तेव्हा पाणीसुद्धा त्यांनी माझ्या हातून घेतलं, ती दारात उभी होती.

तेव्हा तरी बोलायचं. मी तेव्हाही बोलले नाही. माझं लग्न झालेलं, नोकरी लागलेली, शाळेत मी बाई झालेली. काय अडत होतं? जीभ अडत होती. जितकी वर्षं जातात तितका तो शब्द जड होतो.

मी शाळेत शिकवायला लागले अन् दर वर्षी विज्ञानाचा तो धडा यायचा. मेणबत्ती पेटवा, तिच्यावर काचेचा पेला पालथा घाला, बघा, मेणबत्ती विझते, कारण ज्वलनाला प्राणवायू लागतो. मी तो प्रयोग करायचे अन् तोंड धुवायला नळावर जायचे. एका वर्षी पुढच्या बाकावरच्या एका हुशार पोरीनं हात वर केला. "बाई, पेल्यात बॅटरी ठेवली तर?" मी तिच्या थोबाडीत मारली. सबंध नोकरीत मी पोरांवर उगारलेला तो एकच हात. पोरगी गालाला हात लावून माझ्याकडं बघत राहिली, तिचं काय चुकलं ते तिला कळेना. मी सांगणार तरी काय? तिनं जे विचारलं ते त्या दिवशी पेवापाशी एकानं विचारायला हवं होतं.

वहिनी माहेरी गेली नाही. वेरूळहून तिचे भाऊ न्यायला आले, तिनं नाही म्हटलं. "ही पोर लहान हाय," म्हणाली. माझ्यासाठी राहिली. पुढं मी लग्न करून शहरात आले तरी ती तिथंच राहिली, शेत बघत, एकटी. अन् बॅटरी तिनं टाकली नाही. लोक म्हणायचे, गोदावरीत बुडव ती अवदसा. ती रोज वापरायची. तिच्यादेखत वीज आली गावात, बॅटऱ्याही आल्या घरोघर, प्लास्टिकच्या, चार्जिंगच्या, वर्षात मोडणाऱ्या. तिची चालतच होती. खटका झिजला तर तिनं आत तारेचा तुकडा बसवला. स्प्रिंगला गंज आला की विटेच्या पुडीनं घासायची. सेल सैल झाले की कागदाची घडी सारायची. मी सुटीला गेले की ती दारात बॅटरी घेऊन उभी असायची, माझ्या पायापुढं उजेड धरायची. मी त्या उजेडातून मान खाली घालून आत जायचे. साठ वर्षं झाली, त्या बॅटरीला काही झालं नाही. कंदिलाची काच मात्र एका सकाळीत फुटली होती.

चार वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करायला मी तिला गारखेड्याला आणलं. पिशवीत दोन लुगडी, तपकिरीची डबी अन् बॅटरी. चाळीस वर्षांत माझ्या घरात मुक्कामाला राहिलेली ती पहिली. मी काही बोलले नाही, अन् घरातले माझ्याकडं बघत राहिले.

ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी. दुपारी ती गॅलरीत खाटेवर बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, बॅटरीतले सेल काढ अन् उन्हात ठेव. मला दिसंना."

मी बॅटरी हातात घेतली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. अंगावरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, मुलामा जाऊन खालचं पितळ दिसत होतं. मागचं झाकण फिरवलं अन् ते हातातून सटकलं. सेल घरंगळत गॅलरीभर गेले. तिनं विचारलं, "काय सांडलं?" अन् मी बोलायला लागले. सगळं बोलले. काच, उकिरडा, मांडणीमागचा कंदील, पाणवठा, आबांनी हलवलेला डबा. रडत होते अन् बोलत होते, म्हातारी बाई, सत्तरी ओलांडलेली.

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "काचा मी सकाळीच बघितल्या होत्या."

मला कळेना.

"राख टाकायला गेले उकिरड्यावर, तर चमकल्या. राख जास्ती ओढली त्यांच्यावर. मांडणीमागं कंदीलबी बघितला. मामंजींनी कंदील मागितला तवा तुझं तोंड बघितलं मी. चुन्यावानी पांढरं पडलं व्हतं. म्हणून बॅटरी आणली मी आतून. रॉकेलचं मीच सांगितलं ना तुला."

"मग तू सांगितलं का नाहीस? आबा चौदा वर्षं तुझ्याशी बोलले नाहीत गं!"

"काय सांगायचं? तुझं नाव घ्यायचं?" ती म्हणाली. पट्टीखालून पाणी आलं, डॉक्टरनं रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. "त्यांनी आणली ती माझ्यासाठी. अन् आत धाडली ती मी. कुणी काय बोललं, खरंच बोललं की."

मी तिचे हात धरले. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "एक चापट बसली असती गं तुला. लई तर दोन. रडली असतीस, मी जवळ घेतलं असतं, भाकरी-गूळ दिला असता. अन् शेजारून कंदील आणला असता."

मी तिचा उजवा हात उचलला अन् माझ्या तोंडापाशी नेला. "मार मग," म्हणाले. "राहिली आहे ती. मार वैनी, आता तरी मार."

तिनं हात माझ्या गालावर ठेवला. मारला नाही, काढूनही घेतला नाही. बराच वेळ तसाच ठेवून ती बसली, अन् मी उन्हात पसरलेले तीन सेल बघत होते. मग ती म्हणाली, "ऊन उतरलं की गोळा कर हं."

"करते, आई," मी म्हणाले.